सात जणांनी पाहिलेला चित्रपट

एकदा एका तरुण दिग्दर्शिकेच्या दारी साता समुद्रापलीकडचं कौतुक चालत आलं. कौतुक दारात उभं राहिलं की माणूस लगबगीने चहाचं आधण ठेवतो. मी मात्र आधी विचारतो, बाबा रे, तुला पाठवलं कुणी? माझा स्वभाव संशयी आहे, हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं. ज्यांच्यामुळे ही गोष्ट सांगावीशी वाटते ते तात्या या बाबतीत माझेही गुरू शोभतील.

दिग्दर्शिकेचं नाव शलाका परुळेकर. चार वर्षं खपून तिने एक भयपट केला होता, ‘तिसरी हाक’. तळकोकणात एक जुनी समजूत आहे. तिन्हीसांजेला बाहेरून कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारील, तिसऱ्यांदाही मारील. जे माणूस नसतं ते तिसऱ्यांदा मारत नाही. शलाकाच्या चित्रपटातली आई हा नियम जन्मभर पाळते. मग एका संध्याकाळी विहिरीच्या बाजूने तिच्याच मुलीच्या आवाजात हाक येते. एकच. आई कडीवर हात ठेवून उभी राहते आणि दुसऱ्या हाकेची वाट बघते. चित्रपट तिथून पुढे पाऊण तास चालतो, पण हाक कुणी मारली ते शेवटपर्यंत दाखवत नाही. मी तो पाहिला आहे. पाहून आल्यावर दोन दिवस मला घरच्यांनी हाक मारलेली आवडत नव्हती.

दोन-तीन परदेशी महोत्सवांत चित्रपटाची वाखाणणी झाली आणि मग तो गृहस्थ आला. आपण त्याला व्यापारी म्हणू. तो स्वतःच्या पदाचं जे लांबलचक इंग्रजी नाव सांगे, त्याचाही अर्थ शेवटी तोच होता. माणूस मराठी, बोलायला गोड, एका परदेशी कंपनीचा इथला प्रतिनिधी. कंपनीला ‘तिसरी हाक’ इंग्रजीत नव्याने करायचा होता. त्यांचे नट, त्यांचं गाव, त्यांची भाषा. शलाकाचं नाव मोठ्या अक्षरांत येणार होतं, आणि पुढचा चित्रपट तिनेच तिकडे जाऊन करायचा, असंही बोलणं झालं होतं. तिच्या वयाच्या कुणालाही याहून अधिक काय हवं असतं?

फक्त काही बदल होते. हाक मारणाऱ्याला चेहरा हवा. ते का हाक मारतं, याचं कारण हवं. आणि शेवटी त्याचा नाश व्हायला हवा. “आमच्या प्रेक्षकाला उत्तर लागतं, मॅडम,” व्यापारी म्हणे. शलाका तीन आठवडे प्रत्येक बदलावर भांडली. चेहरा दिसायचा तर शेवटच्या दहा मिनिटांतच, एवढं तिने पदरात पाडून घेतलं आणि आपण जिंकलो असं तिला वाटलं.

आता सही तेवढी उरली होती. ती मात्र तिच्या एकटीची चालणार नव्हती. मूळ कथा तात्या धुरींची होती. तात्या म्हणजे तिचे गुरू. चाळीस वर्षं पटकथा शिकवून वेंगुर्ल्याला परत जाऊन राहिलेले. ही कथा त्यांनी आपल्या आईच्या तोंडून ऐकली होती आणि वर्गात शलाकाला सांगितली होती, म्हणून चित्रपटावर दोघांचा हक्क होता. तेव्हा एका दुपारी शलाका व्यापाऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला पोचली.

तात्या अंगणात कोकमाची सालं रसात बुडवून पुन्हा उन्हात पसरत होते. हात मनगटापर्यंत लाल.

“येवा, बसा,” ते म्हणाले. “पाणी घेतलात?”

हात धुऊन ते पडवीत आले, चष्मा लावला आणि कराराचे कागद मागून पुढे वाचू लागले, शेवटचं पान आधी. व्यापारी हसला. शलाकाला थोडं ओशाळल्यासारखं झालं.

“तात्या, बदलांची यादी पहिल्या पानावर आहे,” ती म्हणाली.

“ती तू वाचलीस ना? मग झालं.” मग ते व्यापाऱ्याकडे वळले. “तुम्हाला चेहरा हवाय म्हणे. द्या चेहरा. दहा मिनिटं कशाला, पहिल्यापासून दाखवा.”

शलाका बघतच राहिली.

“कारणही सांगा. कुणाच्या तरी शापाबिपाचं जमवा. आणि शेवटी जाळायचं असेल तर जाळा, बुडवायचं असेल तर बुडवा. आमची काही हरकत नाही.”

“तात्या!” शलाकाचा आवाज चढला. “तीन आठवडे भांडतेय मी याच्यासाठी.”

तात्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. व्यापारी मात्र खुलला. इतका समजूतदार म्हातारा आपल्या व्यवसायात पहिल्यांदाच भेटला, असं तो म्हणाला. आता सांगा, अशा वेळी तुमच्या मनात काय आलं असतं? शलाकाच्या मनात तेच आलं. हे थकले, किंवा यांना शिष्येचं मोठं होणं सोसवत नाहीये, म्हणून मुद्दामच चित्रपटाचा विचका करायला निघालेत.

“एक विचारू?” तात्या व्यापाऱ्याला म्हणाले. “हा चित्रपट तुमच्या कंपनीत कुणी कुणी पाहिला?”

“वरच्या सगळ्यांनी. सात जणांनी. एकत्र बसून पाहिला.”

“त्यांच्यात मराठी कुणाला येतं?”

“छे हो. सगळे तिकडचेच. इंग्रजीशिवाय दुसरी भाषा नाही.”

“मग त्यांना कळला कसा?”

“खाली इंग्रजी ओळी होत्या ना.”

“वाचल्या त्यांनी?”

“वाचल्या म्हणजे काय, एकही जण मधून उठला नाही. आमच्या मोठ्या साहेबांनी तर शेवटी दिवे लावायला सांगितले. घाबरले, म्हणून तर मी इथे आलोय.” व्यापारी मनापासून बोलत होता. ते बोलणं खरंच होतं, यात मला शंका नाही.

“मग तुमच्या बाकीच्या लोकांनाही तसाच दाखवा की.”

व्यापाऱ्याने मान हलवली. “नाही चालणार, तात्या. आमचा प्रेक्षक खाली लिहिलेलं वाचत बसत नाही. त्याला आपल्या भाषेत हवं असतं सगळं. परका सिनेमा तो बघतच नाही.”

“बघतच नाही,” तात्यांनी शब्द सावकाश उच्चारले आणि कागद त्याच्यापुढे धरला. “मग हे अकरावं कलम कशासाठी घातलंत? सही झाल्यापासून पंचवीस वर्षं मूळ मराठी चित्रपट देशाबाहेर कुठेही, कुठल्याही मार्गाने दाखवायचा नाही. जो कुणी बघणारच नाही, त्याला कुलूप कशाला?”

 शलाकाने हात पुढे करून कागद घेतला. ते कलम तिने वाचलेलंच नव्हतं असं नाही. कथेची पानं तिने हातात पेन्सिल घेऊन वाचली होती, आणि कायद्याची पानं ‘हे काय, नेहमीचंच’ म्हणून उलटली होती. आपली कलावंत मंडळी इथेच फसतात. भुताच्या चेहऱ्यासाठी तीन आठवडे भांडतात आणि चित्रपट कुणाच्या कपाटात जाणार ते विचारत नाहीत.

“ते सगळ्याच करारांत असतं,” व्यापारी म्हणाला. त्याच्या बोलण्यातला गोडवा थोडा उतरला होता.

“असेल. एवढं एक कलम काढा. बाकी जसं हवं तसं करा, मी आत्ता सही करतो.”

“मला वर विचारावं लागेल.” व्यापाऱ्याने कागद पिशवीत घातले. चहा न घेताच तो गाडीकडे गेला. मघाशी प्रत्येक गोष्टीला हो म्हणणारा म्हातारा त्याला आता समजूतदार वाटत नसावा.

गाडी वळणाआड गेली तशी शलाका उसळली. “तुम्हाला हे नकोच होतं ना, तात्या? स्पष्ट सांगा. चार वर्षं काढली मी. आता कुठे कुणी दार उघडलं होतं.”

तात्यांना राग आला नाही. ते म्हणाले, “शलाका, गोष्ट गाव बदलते, भाषा बदलते, त्यात पाप नाही. ही हाकेची गोष्ट माझ्या आईची म्हणतो आपण, पण तिलाही ती पेडण्याच्या एका मासेवालीने सांगितली होती. त्या बाईच्या गोष्टीत विहीर नव्हती, खाडी होती. आईने खाडीच्या जागी विहीर आणली, हाक मारणाऱ्या होडीवाल्याच्या जागी मुलगी आणली. आणि ती मासेवाली दर बुधवारी येऊन आमच्याच ओसरीवर आपली खाडीची गोष्ट सांगायची. आम्ही पोरं दोन्ही ऐकायचो आणि दोन्हींना भ्यायचो. आईने तिचं तोंड कधी बांधलं नाही. ज्याला तुझ्या गोष्टीवरून स्वतःची गोष्ट करायची आहे, त्याला मी चेहरा देईन, शाप देईन, काय मागेल ते देईन. पण ज्याला आपली गोष्ट मांडण्याआधी तुझी झाकावी लागते, त्याचा मला संशय येतो. चेहरा द्यायला हो म्हटलं तेव्हा तो खुलला. कलम काढा म्हटल्यावर उठला. त्याला नक्की काय विकत हवं होतं, ते तूच सांग.”

 संध्याकाळच्या गाडीने शलाका मुंबईला परतली. तिचं मन तात्यांच्या बाजूने होतं असं मी म्हणणार नाही. गुरूचं पटणं आणि हातातली संधी जाणं, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की माणूस गुरूवरच चिडतो.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. अकरावं कलम काढता येणार नाही. ते नसेल तर कंपनीला या चित्रपटात स्वारस्य नाही. पत्र दोन ओळींचं होतं आणि अतिशय नम्र होतं.

शलाका रडली. मग तिने तात्यांना फोन लावला. ते पत्र वाचून दाखवलं.

“सात जण घाबरले म्हणून सांगत होता तो,” ती म्हणाली. “खोटंच ना ते? त्यांना माझा चित्रपट आवडलाच नव्हता.”

“आवडला होता गो,” तात्या म्हणाले. “फार आवडला होता. म्हणूनच तो आठव्या माणसाने बघू नये, असं त्यांना वाटलं.”

 मग शलाका म्हणाली, “बरं, ठेवते. इंग्लंडातल्या एका लहान गावचा महोत्सव आहे, दीडशे खुर्च्यांचा. त्यांनी मागे दोनदा मागितला होता चित्रपट. करार होईपर्यंत थांबा म्हणून मीच अडवून ठेवला होता. आज पाठवते. आहे तसा, मराठीतच.”