अनुसाची तडा गेलेली थाळी

अहो पाहुणे, उठा आधी त्या दगडावरून! बाकी सगळा माळ तुमचाच आहे, पण ती अनुसाची जागा. इथं दर पौर्णिमेला गाणं होतं, लांबलांबचे गायक येतात, तिकीट नाही की मांडव नाही. तरी लोक असे अंतर सोडून का बसतात, हेच विचारत होतात ना? मग ऐका. मध्ये मोबाईल वाजला तर मी उठून जाईन.

फार मागे गावात गाठीचा ताप आला. घरटी माणूस जाऊ लागलं, तसं गाव उठून या माळावर राहायला आलं. बारा झोपड्या, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर. एकानं दुसऱ्याच्या दारात जायचं नाही, अशी सक्त ताकीद. माणसं तापापेक्षा एकटेपणानंच खचली, असं सांगतात.

तेव्हा सटवा कासार पुढं झाला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. दुकानातल्या काशाच्या थाळ्या त्यानं प्रत्येक झोपडीबाहेर ठेवल्या, आणि दर सोमवारी दिवेलागणीला मधल्या कातळावर बसून गाऊ लागला. एक कडवं झालं की बारा दारांतून बारा थाळ्या वाजायच्या. म्हणजे सगळे आहेत. मगच तो पुढचं कडवं उचलायचा. चांगल्या थाळ्या त्यानं लोकांना दिल्या होत्या. तडा गेलेली तेवढी सख्ख्या बहिणीला, अनुसाला. ती झोपडीत एकटीच होती. तिच्या थाळीचा बद्द आवाज तो लाखात ओळखायचा.

एका सोमवारी अकराच थाळ्या वाजल्या. अनुसाची नाही. सटवानं तेच कडवं पुन्हा घेतलं. पुन्हा घेतलं. घसा बसला, पण पुढं जाईना. पुढं जायचं म्हणजे ती गेली असं मानायचं. लोक रडू लागले, "सटवा, पुरे कर रे बाबा!" आणि तेवढ्यात तो बद्द आवाज आला. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

सकाळी तो ताकीद मोडून तिच्या दारात गेला. अनुसा जाऊन दोन दिवस झाले होते. थाळी चुलीशी पालथी पडलेली, वर राखेचा थर, त्यावर बोटाचा ठसासुद्धा नाही. ती थाळी तिच्याबरोबरच पुरली, याच दगडाखाली. पुढच्या सोमवारी ती जमिनीतून वाजली म्हणे.

साथ सरली, गाव परत गेलं. सटवा गेला नाही. "तिनं वाजवली आणि ऐकायला कुणीच नसलं तर?" एवढंच म्हणायचा. त्याच्यामागं गावानं गाणं हाती घेतलं, फक्त दर सोमवारी जमेना म्हणून पौर्णिमा धरली.

आजही पहिल्या कडव्यानंतर अकरा घरची माणसं आपापली थाळी वाजवतात, आणि गायक थांबतो. कितीही मोठा असला तरी थांबतो. या दगडाकडं कुणी बघत नाही. बारावी वाजेपर्यंत तेच कडवं गायचं. गेल्या पौर्णिमेला सात वेळा गावं लागलं. हल्ली तिला वेळ लागतो. मला काळजी वाटते हो.