एका प्रश्नाचं घर

एका गावात एक सुगरण राहायची. तिच्या घरी जेवायला गेलेला माणूस सरळ ताठ चालत बाहेर पडला, असं कोणाच्या आठवणीत नव्हतं. हातात चव होतीच, पण तिचं खरं नाव झालं होतं आग्रहामुळे. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला, तर ती बोटांच्या फटीतून तूप सोडायची. कोणी पानावर ओणवं झालं, तर पाठीवर थाप मारून सरळ बसवायची आणि म्हणायची, “माझी शपथ आहे, एवढी एक तरी घ्या.” तिच्या दारातून कोणी ‘पुरे’ म्हणून सुटला नाही, याचा तिला केवढा अभिमान!

शेजारी तुळसा राहायची. तिची तऱ्हा अगदी उलटी. ती पानात वाढायची, एकदाच विचारायची, “आणखी हवं का?” आणि नको म्हटलं की भांड्यावर झाकण ठेवायची. सुगरण हसून सगळ्यांना सांगायची, “आमच्या शेजारी एका प्रश्नाचं घर आहे हो. दुसऱ्यांदा विचारायला जीभ झिजते तिथे.” हे तुळसाच्या कानावर जायचं, तरी पुढच्या पाहुण्यालाही ती एकदाच विचारायची.

सुगरणीची लेक सासरी गेली आणि घर ओकंबोकं झालं. तेव्हा तिच्या नवऱ्याने धनगरांकडून एक कुत्र्याचं पिल्लू आणलं. पांढरं, गुबगुबीत, म्हणून नाव ठेवलं बत्ताशा. बत्ताशा ताकात कुस्करलेली भाकरी अशी खायचा की भांडं धुवायचं कामच उरू नये.

मग उन्हाळ्यात एका दुपारी त्याने भाकरी हुंगली आणि तो जाऊन रांजणाच्या गारव्याला झोपला. ऊन एवढं होतं की माणसालाही अन्न नको वाटावं. त्याला भूक नव्हती, बाकी काही नाही. पण सुगरणीच्या ते जिव्हारी लागलं. माझ्या हातचं नको? तिने भाकरीवर चमचाभर तूप घातलं आणि भांडं त्याच्या नाकाशी नेलं. त्याने तूप चाटलं. सुगरण जिंकली.

दुसऱ्या दिवशी त्याने भाकरीकडे बघितलंच नाही, तो तुपाच्या बुधल्याकडे बघत बसला. कुत्रा हुशार होता, त्याला दोष कसा द्यायचा? तुपाचा कंटाळा आला तेव्हा गूळ आला, गुळानंतर साय, सायीनंतर मनुका घातलेला शिरा. पुढे पुढे तर तो शिराही भांड्यातून खाईना. मग ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन घास भरवू लागली, “हा घास चिऊचा, हा घास काऊचा.”

मनातून तिला लाज वाटायची. जिच्या घरून कोणी उपाशी जात नाही, तिचा कुत्रा जेवत नाही, हे लोकांना कळलं तर? म्हणून ती लाजेची फुशारकी करून टाकायची. “आमचा बत्ताशा साध्या भाकरीला तोंड लावत नाही हो! माझ्या हातचा शिराच लागतो त्याला.”

बत्ताशा पिंपासारखा फुगला. अंगाला खाज सुटली, जिना चढताना धाप लागू लागली, खाल्लेलं उलटून पडू लागलं. नवऱ्याने गुरांच्या वैद्याला बोलावलं. वैद्याने दात बघितले, पोट दाबून बघितलं आणि तो चिडलाच. “याला रोग नाही, याला लाड झालेत. गोड बंद, तूप बंद, आणि मनुका तर कुत्र्याला विषासारख्या! असंच चालू ठेवलंत, तर पुढचा पावसाळा हा बघायचा नाही.”

सुगरणीने मान डोलावली. वैद्याची पाठ फिरली तशी तिला बत्ताशाची दया आली. किती अशक्त झालाय बिचारा! मनुका तेवढ्या तिने वगळल्या, आणि त्याला थोडा शिरा भरवला.

अशात लेकीच्या सासरी लग्नकार्य निघालं. जिलब्यांना हिचाच हात हवा, असं बोलावणं आलं. नवरा-बायको दोघांनाही जाणं भाग होतं. बत्ताशाला ठेवायचं कुठे? नाइलाजाने ती तुळसाकडे गेली. बरोबर तुपाचा बुधला, गुळाची ढेप आणि सूचनांची ही मोठी जंत्री. “मांडीवर घे, गोष्ट सांग. नाही म्हणाला तरी सोडू नकोस.”

“बघते मी,” तुळसा म्हणाली.

कार्य झालं, पाठवणी झाली, आणि महिनाभराने दोघं परतली. वेशीतून आत शिरतात तोच एक कुत्रा सुसाट पळत आला आणि सुगरणीच्या अंगावर उड्या मारू लागला. क्षणभर तिला ओळखूच आला नाही. बत्ताशाला कंबर आली होती! अंगावर नवी लव चमकत होती. पण सुगरणीला दिसली ती फक्त कंबर. ती तडक तुळसाच्या अंगणात गेली. कोनाड्यात तुपाचा बुधला तसाच होता, तोंडाला बांधलेलं फडकंसुद्धा सुटलं नव्हतं. मग तिचा तोल गेला.

“मुक्या जिवाला उपाशी मारलंस!” ती सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली. “तूप मी दिलं होतं, तेही घालावंसं वाटलं नाही तुला? माणसांच्या पानात हात आखडतेस ते आखडतेस, कुत्र्याच्याही?”

लोक जमले. नवरा मागून म्हणत होता, “अगं, जरा दमाने,” पण ते कोण ऐकतंय!

तुळसाचा चेहरा उतरला. ती एवढंच म्हणाली, “वहिनी, त्याच्या जेवायची वेळ झालीय. बघाच तुम्ही.”

तिने भांडं आणून ठेवलं. कुस्करलेली भाकरी, बिनमिठाचा उकडलेला भोपळा, वर एक अंडं. बत्ताशा धावत आला आणि त्याने भांड्यात तोंड घातलं. लपालपा खाऊ लागला. सुगरण बघतच राहिली. मग तिला राहवेना. ती पुढे होऊन भांड्याशी उकिडवी बसली आणि म्हणाली, “बत्ताशा, खा रे बाळा, खा!”

बत्ताशा थांबला. त्याने तिच्याकडे बघितलं. तोंडातला घास खाली टाकला, भांड्याकडे पाठ केली आणि जमिनीवर अंग टाकून तिरप्या डोळ्याने तिच्या हाताकडे बघत बसला.

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. हसणाऱ्यांत तिच्या पंक्तीला जेवून पोट धरून घरी गेलेले कितीतरी जण होते. सुगरणीचे कान तापले. कुत्र्याने सांगायचं ते सगळ्या आळीसमोर सांगून टाकलं होतं.

तुळसा मात्र हसली नाही. ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “पहिल्यांदा माझ्याकडेही असंच केलं त्याने. मी भांडं ठेवायची, थोडा वेळ थांबायची आणि उचलून घ्यायची. पुढच्या वेळेला पुन्हा तेच. मला काय झोप लागली असेल वहिनी? वैद्याला दोनदा दाखवून आणला. मग त्याचा तोच जेवायला लागला. तुम्ही जरा आत जाऊन बसा.”

सुगरण आत गेली आणि दाराआड उभी राहिली. तिच्या पदराच्या गाठीत लग्नातला बुंदीचा लाडू होता, खास बत्ताशासाठी जपून आणलेला. गाठ सोडायला तिचे हात शिवशिवत होते. बाहेर सगळं शांत होतं. तिला वाटलं, धावत जावं, एवढा एक घास द्यावा. तिने गाठ मुठीत घट्ट धरून ठेवली.

थोड्या वेळाने भांडं फरशीवर घासल्याचा आवाज आला. मग चाटल्याचा. आपण समोर नाही म्हणून तो जेवतोय, हे तिला कळलं आणि तिथेच भिंतीला टेकून ती रडली. एवढी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा लोक पांगू लागले होते. “थांबा,” ती म्हणाली. “मी हिला चारचौघांत बोलले, तेव्हा हेही चारचौघांतच ऐका. माझा कुत्रा हिने वाचवला. मीच त्याला मारत होते. तुळसा, चुकले गं मी.”

“झालं ते झालं,” तुळसा म्हणाली. “प्रवासातून आलात, दोघं जेवूनच जा.”

तिने भाकरी आणि पिठलं वाढलं. एकदा विचारलं, “आणखी हवं का?” सुगरण म्हणाली, “पुरे.” आणि तुळसा खरोखरच थांबली. आपलं म्हणणं कोणीतरी ऐकलं, एवढंच झालं होतं, पण सुगरणीला ते जेवण फार हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी घरी नवरा जेवत होता. तिने सवयीने भाताचा डाव उचलला. नवऱ्याने हात आडवा धरला, आणि सवयीने डोळेही मिटून घेतले. सुगरणीने डाव परत पातेल्यात ठेवला. भात पडला नाही म्हणून त्याने डोळे उघडले.

“बरं वाटत नाही का तुला?” त्याने घाबरून विचारलं.

“बरं आहे. इतकी वर्षं तुम्ही नको म्हणायचात, ते खरंच नको असायचं?”

नवरा पानाकडे बघत म्हणाला, “पुष्कळदा.”

“मग सांगितलं का नाहीत कधी?”

“सांगत होतो की. रोज हात आडवा धरून.”

सुगरणीला वर बघवेना. ती उठली, बत्ताशाचं भांडं भरलं, ओसरीवर ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडायला बसली. बराच वेळ मागे काहीच हाललं नाही. तिने मान वळवली नाही. मग हळूहळू चाटल्याचा आवाज येऊ लागला.

तात्पर्य काय, तर कुत्रं जेवणाचे नखरे करू लागलं की आधी आपला हात तपासावा. आणि प्रेमाने वाढणाऱ्याने समोरच्याचं ‘पुरे’ही तितक्याच प्रेमाने ऐकावं.