पाणी प्यायलेला निळा खडा

एका राज्यात विहिरी होत्या, पण पोहऱ्याला ओल लागत नसे. राजा विक्रांतसेनाच्या तांब्याच्या कोरड्या खाणीत, जिथे पाऊस कधी पोहोचला नाही, तिथे भिंतींना मोरचुदाचे निळे खडे फुटत. मांत्रिकाने त्यातला नारळाएवढा एक खडा मंतरून सिंहासनावर ठेवला. म्हणाला, "हा आहे तोवर राज्य अढळ. ह्याला पाणी मात्र लागू देऊ नये." त्या दिवसापासून विहिरी आटल्या.

रेवाई ही खाणकऱ्याची बायको. तिचा धनी तहानेपायी खाणीच्या पार तळाशी साचलेलं निळं पाणी प्यायला, हिरवं ओकला नि गेला. आता लेक तानी तापाने फणफणली होती. घरात पाणी उरलं होतं एक गडू. रेवाई देवापाशी दिवा लावी आणि ते पाणी थेंबाथेंबाने लेकीच्या ओठांना लावी.

दारात साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "बाई, तीन कामं सांगते. करशील?"

"सांग."

"धन्याच्या पागोट्यात निळा खडा अडकलाय. तव्यावर टाक."

टाकला. वाफ निघाली, खड्याचा पांढरा भुगा झाला.

"अगं, कोरड्या दगडात पाणी?"

"विहिरींचं पाणी असंच सिंहासनावर कोंडलंय. आता थेंब शिंपड."

थेंब पडला, भुगा पुन्हा निळा झाला.

"म्हणजे पाणी हाच ह्याचा जीव."

"आणि पाणीच ह्याचं मरण. अख्खा गडू त्या मोठ्या खड्यावर ओत."

रेवाई लेकीकडे बघत राहिली. "अर्धा हिला ठेवू?"

"अर्ध्यात अर्धाच विरघळेल."

"बाळे, आलेच," म्हणून रेवाईने गडू पदराखाली घेतला.

दरबारात राजाचेही ओठ फाटले होते. "पदराखाली काय?"

"पाणी, महाराज."

"मला दे."

"आधी तुमच्या खड्याला न्हाऊ घालते," म्हणत तिने गडू उपडा केला. मांत्रिक धावला, तोवर खडा साखरेसारखा विरघळला. निळा ओघळ पायरीवर आला. राजाने ओंजळ पुढे केली. रेवाईने त्याचं मनगट धरलं.

"ह्याच पाण्याने माझा धनी गेला. आधी तलवार बुडवून बघा."

राजाने ओंजळ सोडून तलवार बुडवली. पोलादी पातं तांब्यासारखं लाल झालं. राजा मागे सरला. खडा गेला तशी मांत्रिकाचीही वाफ झाली, मागे पांढऱ्या भुग्याची चिमूट उरली. राजाने ती आणि ते निळं पाणी विहिरींपासून लांब, खोल पुरून टाकलं.

बाहेर रहाट करकरला. रेवाई धावत घरी आली. शेजारीण तानीला वाटीने पाणी पाजत होती.

"आई, मला गडूभर हवं."

धनी काही परत आला नाही. रेवाईने डोळे पुसले, गडू विहिरीवर नेला, काठोकाठ भरला. तिच्या लेकीला मिळालं तसं पाणी सगळ्यांच्या लेकरांना मिळो.