धामणवनात बैलाला वेसण नाही

सातपुड्याच्या पायथ्याशी अजून बैलगाडीची वाटही पडली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. धामणवन गावाच्या कडेला फकरू दरवेशी राहत होता. त्याच्याजवळ एक अस्वलीण होती. आपल्या रानातली काळी नव्हे. मातीच्या रंगाची, पार उत्तरेच्या बर्फाच्या डोंगरातली. पिल्लू असताना फकरूने तिला तिकडून आणलं आणि नाव ठेवलं भुरी.

तिच्या नाकात वेसण फकरूनेच घातली. त्याने दाभण लाल तापवला. पिल्लू ओरडेल, गाव गोळा होईल, म्हणून बायकोला डफ वाजवायला बसवलं. डफ वाजत राहिला आणि दाभण नाकातून आरपार गेला. तेव्हापासून डफावर थाप पडली की भुरी मागच्या पायांवर उभी राही, पंजे नाकाशी नेई आणि डुलू लागे. लोक म्हणत, "वा, काय नाचते!" ते नाचणं नव्हतं, हे फकरूला ठाऊक होतं. पण त्यावर त्याची भाकर होती.

अस्वलाचा केस ताइतात घालून गळ्यात बांधला की पोर भीत नाही, असं तेव्हा सारे मानत. एका वर्षी गावातली पोरं तापाने फणफणली, झोपेत दचकू लागली. पाटलीण सोनकाबाई फकरूच्या दारी आली.

"फकरूभाऊ, काळ्या अस्वलाचा केस कोणीबी देते. तुह्या भुरीचा दे. बर्फातली हाय ते, ताप ओढून घेईन."

तिच्यामागून सारं गाव आलं. जो तो मुठीने केस उपटू लागला. फकरू छाती फुगवून वेसण धरून उभा होता. भुरीची पाठ उघडी पडली, तरी तिने आवाज काढला नाही. पोरांचा ताप मात्र उतरला, असं म्हणतात.

मग देवीची जत्रा आली. फकरूने डफावर थाप मारली. भुरी उठली नाही. उठली ती गावची पोरं. ताईत बांधलेलं एकेक पोर चवड्यांवर उभं राहिलं, दोन्ही हात नाकाशी धरून डुलू लागलं. लोक हसले. "अरे पाहा, भुरीचे चेले!" मग पोरांच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं आणि हसू थांबलं. फकरूने डफ खाली ठेवला.

सोनकाबाईची लेक म्हणाली, "माय, नाक जळते."

सोनकाबाई फकरूवर धावली. "काय केलं रे तू लेकराईले?"

"लेकराईले नाही, बाई," फकरू म्हणाला. "हिले केलं."

तिथेच त्याने सगळं सांगितलं. मग सुरीने वेसण कापली. भुरी गेली नाही. खुंट्याभोवती फिरत राहिली. लोकांनी "जा, जा" म्हणत टाळ्या वाजवल्या, तर ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि नाचू लागली. तेव्हा साऱ्या गावाने माना खाली घातल्या.

फकरूने डफ चुलीत टाकला. कापलेल्या दोराचं एक टोक भुरीच्या तोंडात दिलं, दुसरं आपल्या गळ्यात बांधलं. म्हणाला, "आता तू ने." बऱ्याच वेळाने भुरीने पाऊल उचललं. ती पुढे, तो मागे. दोघं डोंगर चढून गेली. त्या दिवशी सातपुड्यावर बर्फ पडला, असं म्हणतात. शोधायला गेलेल्यांना त्या बर्फात पावलं दिसली, पुढे अस्वलाची, मागे माणसाची. माथ्यावर मात्र दोन्ही अस्वलांचीच होती.

पोरांचे ताईत गावाने देवीच्या पायरीखाली पुरले. आजही त्या जत्रेत डफ वाजत नाही. आणि धामणवनात बैलाचं नाक टोचत नाहीत. नुसती तोंडाभोवती दोराची म्होरकी बांधतात. बैल उधळतात, उभं पीक तुडवतात, गाव सोसतं. बाजारात दुसऱ्या गावचे लोक टोमणा मारतात, "धामणवनचे काय? मंग बैलाच्या पाया पडा, तवा चालते थो!"

धामणवनच्या माणसाचा हात आपसूक नाकाकडे जातो, आणि तो मान खाली घालून आपल्या बैलामागे चालू लागतो.