शद्रककाकांचा निकाल

शेवटच्या दिवशी देव सगळ्यांचा न्याय करील, पण आमच्या मंडळीत तोवर ते काम शद्रककाका सांभाळतात. चर्चचे मुख्य पंच ना ते! माझी पाच महिन्यांची हन्ना दर रविवारी ऐन उपदेशात भोकाड पसरते, म्हणून उपासनेनंतर त्यांनी सगळ्यांसमोर फर्मावलं, "आईला लेकरू सांभाळता येत नाही. लेकराचा बाप्तिस्मा पुढे ढकला."

मला काहीच जमत नाही, ही शंका मला आधीपासूनच होती. तरी उभी राहिले.

"काका, आणखी एकाचा न्याय करा. याच देवळात एकानं उपासनाभर बोंब ठोकली, पाळकसाहेबांचा चष्मा ओढून फोडला, वर त्यांचा पांढरा झगा ओला केला. त्याचं काय करायचं?"

"करायचं काय? पुन्हा पायरी चढू द्यायची नाही!" काका गरजले. "त्याला नाही अन् त्याच्या आईलाही नाही! कोण आहे तो?"

"तुम्हीच, काका. तुमच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी. रिबकाआजींनीच सांगितलं."

काकांच्या म्हाताऱ्या आई, रिबकाआजी, पहिल्याच बाकावर होत्या. त्या काठी शोधू लागल्या. "चल शद्रक, ऊठ. आपण दोघं बाहेर. निकाल लागला, बाबा."

सगळं देऊळ हसलं. काका खाली बघत पुटपुटले, "येत्या रविवारीच करू बाप्तिस्मा."

त्या रविवारी बाप्तिस्मा होताच मी हन्नाला मुद्दाम त्यांच्याच हातात दिलं. ती किंचाळलीच, शिवाय त्यांचा नवा कोट ओला झाला. मी घाबरून पुढे धावले.

"असू दे गं," काका घाईनं म्हणाले, "बाप्तिस्म्याचंच पाणी आहे ते."