गार हातांची माणसं

खूप वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा डोंगरांना आजची नावंसुद्धा मिळाली नव्हती. अशाच एका बिननावाच्या डोंगराखाली एक गाव होतं आणि गावाच्या कडेने ओढा वाहत होता. ओढ्याच्या अल्याड गाव, पल्याड थोड्या झोपड्या.

गावाला पल्याडच्या लोकांविषयी एक गोष्ट पक्की ठाऊक होती. त्यांचे हात गार असतात. नुसते गार नाहीत, तर ज्या जिवंत वस्तूला ते लागतील तिचा जीव आटतो. त्यांनी बी पेरलं तर उगवत नाही. त्यांनी विरजण लावलं तर दही लागत नाही. त्यांनी तान्हं मूल उचललं तर ते मूल अंग धरत नाही.

म्हणून गावाने त्यांची कामं वेगळी काढून ठेवली होती. दगड जिवंत नसतो, तेव्हा दगड त्यांनी फोडावेत. वाळलेलं लाकूड त्यांनी तोडावं. मेलेली गुरं त्यांनी ओढून न्यावीत. त्या बदल्यात गावातलं कोणीतरी ओढ्याकाठच्या खडकावर धान्य ठेवून जाई. ठेवणारा नजरेआड झाल्याशिवाय उचलणारा येत नसे.

हे असंच चाललं होतं आणि कोणाला त्यात काही नवल वाटत नव्हतं.

मग पाटलांच्या घरी सून आली. तिचं नाव सगुणा. ती लांबच्या मुलखातली होती. तिच्या माहेरी असं काही नव्हतं, त्यामुळे तिला मात्र नवल वाटलं.

एके दिवशी सासू ताक घुसळत असताना तिने विचारलं, “आत्याबाई, त्यांचे हात गार म्हणजे किती गार असतात? विहिरीच्या पाण्याइतके की त्याहून जास्त?”

“मला काय ठाऊक? मी कशाला हात लावायला जाते?”

“मग गार असतात हे कोणी सांगितलं?”

“माझ्या सासूबाईंनी.”

“त्यांनी हात लावून पाहिला होता?”

सासूने रवी थांबवली. “सगुणा, आगीत हात घालून आग भाजते का ते कोणी पाहतं का?”

पण सगुणाच्या मनात आलं, आगीने भाजलेली माणसं तर गावोगाव असतात. या हातांनी मेलेलं कोणी मला अजून दिसलं नाही.

मग ती पाणवठ्यावर बायकांना विचारू लागली. प्रत्येकीने ते दुसरीकडून ऐकलेलं होतं. गावात सगळ्यांत म्हातारे होते हैबतीआबा. ते पारावर बसलेले असत. सगुणाने पदर सावरून त्यांनाही विचारलं. आबा म्हणाले, “माझ्या आज्याच्या वेळी एका घरचं सगळं दूध नासलं होतं. पल्याडची एक बाई त्या दारावरून गेली होती म्हणतात.”

“तुमच्या आज्यांनी पाहिलं होतं का तिला?”

“नाही. गुराख्याने त्यांना सांगितलं.”

“आणि गुराख्याने पाहिलं होतं?”

आबा हसले. “पोरी, तो गुराखी मरून किती काळ लोटला. आता त्याला कुठे शोधू?”

शेवटी सगुणाने एका दुपारी ओढा ओलांडला.

पलीकडे पोचल्यावर ती पहिल्याच झोपडीपाशी थबकली. छपरावर दुधी भोपळ्याचा वेल चढला होता आणि त्याला हातभर लांबीचे दुधी लोंबत होते. अंगणात शेळी होती, तिची दोन करडं उड्या मारत होती. कोंबडीमागे पिल्लं पळत होती. ओसरीवर एक गुटगुटीत मूल अंगठा चोखत पडलं होतं. ज्यांच्या हातांनी जीव आटतो म्हणत, त्यांच्या अंगणात जिकडे पाहावं तिकडे जीवच जीव होता.

झोपडीतून एक मध्यम वयाची बाई बाहेर आली. तिचं नाव येसा. तिचा नवरा केरबा दगड फोडायला गेला होता आणि ते मूल म्हणजे तिचा नातू होता.

“मावशी,” सगुणा म्हणाली, “जरा तुमचा हात माझ्या हातात देता?”

येसाने हात पदराखाली घेतला.

“धाकल्या पाटलीणबाई, तुम्ही माझा हात बघायला आलात. मला बघायला नाही आलात. गुरांच्या बाजारात दात बघतात, तसं झालं हे.”

सगुणाला हे लागलं. तिला आपण धीट आणि चांगल्या आहोत असं वाटत होतं. आता तिला कळलं की ती या बाईचं नावसुद्धा न विचारता तिचा हात मागत होती.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “तुमचं नाव काय?”

येसाने नाव सांगितलं. बसायला सांगितलं. मग दोघी दुधीविषयी बोलल्या, कारण एवढा लांब दुधी सगुणाने कधी पाहिला नव्हता. निघताना येसाने वेलाची चार रोपं मातीसकट उपटून पानात गुंडाळली आणि सगुणाच्या ओंजळीत ठेवली. ठेवताना तिचे हात सगुणाच्या हातांना लागले. ते ऊन होते, खरखरीत होते आणि त्यांना मातीचा वास येत होता.

सगुणाने ती रोपं परसात लावली. वेल मांडवावर चढला, दुधी धरले. घरात भाजी झाली, सगळ्यांनी मागून खाल्ली. तेव्हा सगुणाने सांगितलं की हा वेल पल्याडच्या येसाच्या हातचा आहे.

सासूचा घास हातातच राहिला. मग ती म्हणाली, “आपलं शेणखत जोरकस आहे. म्हणून जगला.”

शेजारीण म्हणाली, “माती आपली ना, म्हणून.”

सगुणा मनात चकित झाली. दुधी मेला असता तर हातांनी मेला असता. जगला, तर खताने जगला. मग या हातांनी काय केलं म्हणजे गावाचं समाधान होईल?

पण पुढे श्रावणात पाटलांच्या गोठ्यातलं एक वासरू दगावलं आणि सगळ्यांची तोंडं परसातल्या वेलाकडे वळली. वेल उपटून जाळला. तेवढ्याने भागलं नाही. गाव पारावर जमलं आणि पाटलांनी निवाडा दिला. पल्याडच्यांनी यापुढे ओढा ओलांडायचा नाही, आणि खडकावर धान्य ठेवणंही बंद.

सगुणा सासऱ्यांसमोर उभी राहिली. “मामंजी, रोपं मी आणली. शिक्षा त्यांना का?”

पाटील वाईट माणूस नव्हते. ते तिला समजावून म्हणाले, “सूनबाई, तू नवीन आहेस. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते एकटीने खोटं ठरवायला जाऊ नये. त्यात सगळ्यांचाच घात होतो.”

दुसऱ्या दिवशी सगुणा ओढ्याकाठी गेली. पलीकडे येसा धुणं धूत होती. सगुणाने तिला काय झालं ते सांगितलं आणि सांगता सांगता स्वतःच रडू लागली.

“तुमचा हेतू वाईट नव्हता,” येसा म्हणाली. “पण चूल आमची विझली, बाई.”

तेव्हापासून सगुणा आपल्या ताटातल्या भाकरी बाजूला ठेवी आणि संधी मिळेल तेव्हा पलीकडे पोचवी. त्याने एका झोपडीचं अर्धं पोट भरे. बाकीच्या झोपड्यांतली माणसं कंदमुळं खाऊन दिवस काढत होती.

हस्ताचा पाऊस आला तो असा की ओढ्याची नदी झाली. त्या दुपारी पाटील शेजारच्या गावाहून घोडीवरून परतत होते. पाणी अजून पार करण्याजोगं आहे असं समजून त्यांनी घोडी आत घातली. मध्यावर घोडीचा पाय घसरला. ती कशीबशी पोहून काठाला लागली, पाटील वाहत गेले आणि एका करंजाच्या उघड्या मुळाला धरून लोंबकळले.

गाव काठावर धावलं. जाड दोरांचे सोल फेकले, पण ते पोचेनात. करंज पल्याडच्या काठाकडे होता. सगुणा सासूला धरून उभी होती. तिने पाहिलं, पलीकडे झोपड्यांतून माणसं बाहेर आली होती. ती आरडाओरडा करत नव्हती. एकाने दुसऱ्याचा हात धरला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि अशी साखळी करून ती पाण्यात उतरली. सर्वांत पुढे येसाचा नवरा केरबा होता.

छातीभर पाण्यात उभं राहून त्याने हात पुढे केला. “पाटील, हात द्या.”

पाटलांनी त्या हाताकडे पाहिलं. रुंद पंजा, दगड फोडून पडलेले घट्टे. जन्मभर ऐकलेलं सगळं त्यांच्या मनात दाटून आलं. मागे पाणी, पुढे हा हात. दोन्हीकडे मरणच, असं त्यांना वाटलं आणि त्यांची बोटं मुळावरून सुटेनात.

केरबा शांतपणे म्हणाला, “तुम्ही मला शिवू नका. मी तुमचं मनगट धरतो. पण आता ठरवा, पाटील. माझ्यामागची माणसंही पाण्यात आहेत.”

पाटलांनी डोळे मिटले आणि हात पुढे केला.

त्यांना काठावर ओढून घेतलं तेव्हा ते थरथरत होते. येसाने शेकोटी केली. केरबा त्यांचे तळहात आपल्या तळहातांत धरून चोळू लागला. पाटील त्या हातांकडे बघत म्हणाले, “ऊन आहेत.”

“गार तुमचे पडलेत,” केरबा म्हणाला. “बोलू नका. शेकोटीजवळ सरका.”

संध्याकाळपर्यंत पाणी ओसरलं. पाटील आपल्या पायांनी ओढा ओलांडून घरी आले. गाव वाट पाहत होतं. पण ते जवळ आले तशी गर्दी मागे सरकली. कोणी पाया पडलं नाही, कोणी खांद्यावर हात ठेवला नाही. घरी बायकोने पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि ती भिंतीला लागून उभी राहिली. एकट्या सगुणाने तो तांब्या उचलून सासऱ्यांच्या हातात दिला.

त्या दिवसापासून गाव पाटलांकडे टक लावून बघू लागलं. त्यांच्या अंगाला तो हात लागला होता, आता ते किती जगतात ते बघायचं होतं. पाटील पारावर शिंकले तर सगळा पार उठून उभा राहिला. ते चालताना ठेचकाळले तर लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, पाटलांनाही धाकधूक होतीच. एका सकाळी त्यांनी अंगणातल्या तुळशीच्या पानाला हळूच बोट लावलं आणि दिवसभर येता-जाता ते पान पाहिलं. पान जसंच्या तसं होतं.

शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या पेरणीचे दिवस आले. पेरणीच्या पाभरीला बी सोडायची लाकडी वाटी असते, त्या चाड्यावर पहिली मूठ धरायचा मान पिढ्यान्‌पिढ्या पाटलांच्या घराचा. गाव शेताच्या बांधावर जमलं, पाभर जुंपली, पाटील पुढे झाले. तेव्हा हैबतीआबा खाकरले.

“पाटील, राग मानू नका. यंदा मूठ दुसऱ्या कोणी धरावी. बी जिवंत असतं.”

पाटील थांबले. या माणसांच्या घरची लग्नं त्यांनी लावून दिली होती, भांडणं मिटवली होती. आज त्यांच्या हातातलं बी कोणाला नको होतं. सगुणा गावभर विचारत फिरली होती तो प्रश्न त्यांना आठवला, जो त्यांनी कधी नीट ऐकून घेतला नव्हता.

“तुमच्यापैकी पल्याडच्या माणसाचा हात कोणी धरलाय?” त्यांनी विचारलं.

कोणी पागोटं सावरलं, कोणी बैलाच्या मानेवरून हात फिरवला.

“मी धरलाय. या गावात फक्त मी आणि माझी सून हे सांगू शकतो. तो हात ऊन होता. पोटात अन्न नसताना ऊन होता, आणि ते अन्न मी बंद केलं होतं.” त्यांनी आपला हात पुढे केला. “ज्याला पारख करायची असेल त्याने हा धरावा. ज्याला करायची नसेल त्याने निदान यापुढे मला ठाऊक आहे असं म्हणू नये.”

मग बायकांच्या घोळक्यातून पाटलांची बायको निघाली. तिने नवऱ्याचा हात धरला, धरूनच ठेवला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

पाटील तसेच ओढ्यापलीकडे गेले. सोबत सगुणा होती. त्यांनी केरबा आणि येसासमोर आपला निवाडा मागे घेतला आणि मूठ धरायला केरबाला बोलावलं.

येसाने विचारलं, “पाटील, तुम्ही पाण्यात पडला नसता तर आला असता का?”

“नाही,” पाटील म्हणाले.

“खरं बोललात, म्हणून येतो,” केरबा म्हणाला. “पण खडकावर काही ठेवायचं नाही आता. आमच्या कामाचं आहे ते आमच्या हातात द्यायचं.”

पाटलांनी ते कबूल केलं.

त्या वर्षी चाड्यावर पहिली मूठ केरबाने धरली. काहींनी आपली पाभर उचलून नेली आणि वेगळी पेरणी केली. हैबतीआबा मात्र बांधावर बसून राहिले. रोज काठी टेकत ते शेतात येत आणि मातीकडे निरखून बघत. पहिला कोंब वर आला तो त्यांनाच दिसला. ते जमिनीवर बसले, त्यांनी तो बोटाने चाचपला आणि मग काठी टेकत, वाटेत कोणाशी न बोलता, आयुष्यात पहिल्यांदाच ते ओढा ओलांडून पलीकडे गेले.

ज्याला आपण कधी जवळ येऊ दिलं नाही, त्याची पारख सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही.