इथं ऐकतंय कोण?

शरयू टेमकरने आपल्या चिमुकल्या गाडीत गावोगावच्या हौशी मंडळींशी बोलता येणारा हॅम रेडिओ बसवला आणि टपावर लांबलचक अँटेना उभारला. कुंभारखिंडीच्या नाक्यावर फौजदारांनी तिला अडवलं.

"हेरगिरी करतेस?"

तिने रेडिओचा परवाना दाखवला, तर तो त्यांनी स्वतःच्याच खिशात घातला.

"उपट तो दांडा, नाहीतर गाडीसकट आत टाकतो. ओरड हवं तर! इथं तुझं ऐकतंय कोण?"

खिंडीत चिटपाखरू नव्हतं. शरयूने रेडिओच्या माईकचं बटण दाबलं.

"मी शरयू, कुंभारखिंडीतून. फौजदारसाहेब विचारताहेत, इथं माझं ऐकतंय कोण?"

रेडिओ खरखरला.

"महाड ऐकतंय."

"वाई ऐकतंय."

"चिपळूण ऐकतंय, ताई. साहेबांचं नाव काय म्हणालात?"

फौजदारांनी खिशातला परवाना काढून तिच्या हातात ठेवला.